तुमचं मागणं, माझ्या तोंडून

आबा, परवा तुमची नात आली होती. तुम्ही पाहिलीत तेव्हा ती अंगणात फेऱ्या मारत पाढे पाठ करायची. आता तिच्या भांगाशी थोडे पांढरे केस दिसतात आणि ती पुण्याला नोकरी करते. जेवणं झाली तशी तिने मला भांडी विसळू दिली नाहीत, समोर बसवलं आणि म्हणाली, "आई, आज आपण नीट बोलू. बाबा गेले, तू इथं एकटी. पुढं तुझं कसं करायचं?" मी म्हटलं, "हातपाय चालतायत तोवर चालतायत, मग बघू." ती म्हणाली, "मग म्हणजे कधी? पडल्यावर?" मला असा राग आला की मी उठून दिवाबत्तीला गेले. देवापुढे हात जोडले आणि काही ठरवलेलं नसताना तोंडातून आलं, "देवा, हातपाय चालतायत तोवर..." तिथंच मी ओठ मिटले. तो राग माझा नव्हता, तुमचा होता, आणि ते वाक्यही तुमचंच होतं. ते मागणं मी याआधी पुष्कळ वेळा केलं आहे, पण स्वतःसाठी कधी केलं नव्हतं. मुलगी सकाळच्या गाडीने गेली आणि तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं मनात आहे.

तुम्ही हट्टी होतात, पण तुमचा हट्ट गोड बोलून चालायचा, म्हणून तो कुणाला पटकन दिसायचा नाही. मी लग्न होऊन बदनापूरला आले. यांची नोकरी कृषी संशोधन केंद्रात, पुढे मीही शाळेत लागले. तुम्ही हसनाबादहून गाडी बदलून यायचात. खांद्यावर हरभऱ्याचा ढाळा, नाही तर हुरड्याची कणसं, पिशवीत गवारीच्या शेंगा. दारात आलात की मी पाण्याचा तांब्या पुढे करायचे आणि तुम्ही त्या पाण्याने पाय धुवायचात. पाय धुवायला माझ्या घरचं पाणी चालायचं, प्यायला चालायचं नाही. ताट वाढू का विचारलं की उत्तर ठरलेलं, "जेवूनच निंगालो माय, पोट बिलकुल गच्च हाय." लेकीच्या घरचं अन्न खायचं नाही, पाणी प्यायचं नाही, हे तुमच्या वडिलांनी पाळलं, त्यांच्या वडिलांनी पाळलं, म्हणून तुम्ही पाळणार. नात झाली तेव्हा मला वाटलं होतं आता तरी सुटेल, बरेच जण नातवंड झाल्यावर सोडतात. तुम्ही नातीला मांडीवर घेऊन बसलात आणि घोटभर पाणीसुद्धा प्यायला नाहीत.

एकदा मधल्या सुट्टीत मी शाळेसमोरच्या दुकानात खडू आणायला गेले, तर स्टँडच्या मागच्या लिंबाखाली तुम्ही बसलेले. भाकरी बांधलेलं धडपं सोडून, तिच्यावर ठेचा घेऊन, इकडे तिकडे बघत भराभरा खात होतात. शेजारी पाण्याची बाटली. मी हाक मारणार होते, पण मारली नाही. संध्याकाळी शाळा सुटून घरी आले तर तुम्ही ओट्यावर. "जेवूनच निंगालो माय." मी म्हटलं, "कळलं. मिशीला ठेचा लागलाय." तुम्ही मिशीवरून हात फिरवलात आणि हसलात, मीही हसले. पण स्वयंपाकघरात गेल्यावर मला वाईट वाटलं. माझं घर चार पावलांवर असताना माझा बाप स्टँडवर झाडाखाली बसून शिळी भाकरी खातो, आणि हे सगळं माझा मान राखण्यासाठी चाललं आहे असं मी समजायचं.

माझ्या पाठीवरचे दोन्ही भाऊ पाळण्यातच गेले, म्हणून तुम्हाला मी एकटीच. आई गेली तेव्हा दिवसांच्या सगळ्या गर्दीत एकाही माणसाने विचारलं नाही की आता आबांचं कोण करणार. विचारायची हिंमत कुणात नव्हती, माझ्यातही नव्हती. शेत चुलतभावाने बटईने, निम्म्या वाट्याने केलं, त्याच्याच घरून तुमची भाकरी यायची. आणि एक नवल झालं. जन्मात तुम्ही देवाच्या भानगडीत पडला नव्हतात. पोळ्याला बैलांच्या पाया पडायचात, तेवढीच तुमची भक्ती. देव हे आईचं काम होतं. ती गेल्यावर तुम्ही तिचा दिवा हातात घेतलात. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत आले तर तिन्हीसांजेला तुम्ही धोतराला हात पुसून, वात वळून, आईच्या जागेवर मांडी घालून बसलेले. मी दारातच थांबले. मला वाटलं तुम्ही आईसाठी काही म्हणत असाल, म्हणून मी ऐकलं नाही, अंगणात गेले.

जालना जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी तुम्ही गोठ्यात घसरून पडलात. निरोप आला तसे आम्ही दोघं निघालो. तुम्ही बाजेवर, पाय सुजलेला, आणि नजर वर आढ्याकडे. चुलतभावाच्या बायकोने, वहिनीने, मला बाजूला घेतलं. ती वाईट नव्हती, आबा, हे मी तेव्हाही म्हणत होते. ती म्हणाली, "बाई, भाकर म्या देते, तिचं काई न्हाई. पन उठवनं-बसवनं माझ्यानं व्हत न्हाई. सासऱ्याचं येगळं, चुलतसासऱ्याचं येगळं. तुमी काय ते बराबर ठरवा." मग मी तुमच्यापाशी येऊन बसले. कसं सुरू करायचं ते कळेना. वर्गात पोरांना मी तोंड उघडू देत नसे, आणि तिथं माझंच तोंड उघडेना. शेवटी तुम्हीच म्हणालात, "न्यायला आलीस व्हय?"

"हो."

"मला कशाला नेऊन राह्यली माय? लेकीच्या दारात पडून खाऊ का म्या?"

"मग इथं पडून काय करणार?"

"मरीन."

"आणि नाही मेलात तर?"

त्यावर तुम्ही हसलात. आपल्या भांडणांची हीच पंचाईत होती, ऐन वेळी कुणीतरी हसायचं. हे बाहेर चुलतभावाशी पावसापाण्याचं बोलत होते. मग तुम्ही आढ्यावरून नजर न काढता म्हणालात, "पाव्हण्यास्नी इचार. माझी ज्वारी संगं येईल. म्या माझ्या ज्वारीची भाकर खाईन. तुझं घर वापरीन, तुझं अन्न न्हाई." मी म्हटलं, चालेल. त्या क्षणी तुम्ही गाढव घेऊन येतो म्हणाला असतात तरी मी चालेल म्हटलं असतं.

मग आमच्या पुढच्या खोलीत तुमची बाज आली आणि तिच्या उशाला तुमच्या ज्वारीची पत्र्याची कोठी. तुमचं दळण वेगळं, पिठाचा डबा वेगळा. सकाळी आधी तुमची भाकरी थापायची, मग परात धुऊन आमच्या. शेजारच्या काकूंना वाटायचं माझी सासरची सोवळ्याची माणसं आली आहेत. तुम्ही गिरणीवाल्यालाही सोडलं नाहीत. आमच्या घरच्या दळणामागे तुमचं दळण घालायचं नाही, मध्ये दुसऱ्या कुणाचं तरी जाऊ द्यायचं, नाही तर लेकीच्या घरचं पीठ येतं. मी म्हटलं, "आबा, गिरणीत गावभरच्या लेकींचं पीठ मिसळतं. किती जणींच्या घरचं खाल्लंत, हिशेब आहे का?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "जे ठाव न्हाई त्याचा दोष न्हाई." पाण्याचं काय, विचारलं तर म्हणालात, "नळ सरकारी हाय." आणि वरणाचं, भाजीचं? "कोरड्यास म्हंजी तोंडी लावणं. ते जेवणात धरत न्हाईत." असे तुमचे कायदे. घरात सगळे हसायचे, मीही हसायचे, आणि मनातून खूश होते. तुम्ही आलात, माझ्या छपराखाली झोपता, माझ्या हातची भाकरी खाता. पीठ कुणाचं का असेना.

फक्त संध्याकाळ मला नकोशी झाली. दिव्याचं काम तुम्ही हौसेने मागून घेतलंत. देव्हारा स्वयंपाकघराच्या भिंतीला, आणि मी चुलीपाशी. तुम्ही मोठ्याने म्हणायचात, कारण तुमचं बोलणंच शेतात हाळी दिल्यागत होतं. "देवा, हातपाय चालतेत तवर उचल. आंथरुणाला खिळवू नको. लेकीला माझं करायला लावू नको." रोज तेच. दुसरं काही मागायचात नाही, ना पाऊस, ना पीक. आधी मी म्हटलं, म्हातारी माणसं सगळीच असं म्हणतात. आमच्या सासूबाईसुद्धा म्हणायच्या. पण त्या 'कुणाला' म्हणायच्या, तुम्ही 'लेकीला' म्हणायचात. मी कणीक मळत असायचे आणि तुम्ही माझ्या घरात, माझ्या देवापुढे बसून मागायचात की मला इथून जल्दी ने, हिच्या हाती पडायच्या आधी ने. तुम्हाला उचलून आणण्यासाठी मी काय काय केलं होतं, आणि तुम्ही रोज दिवेलागणीला परत जायची गाडी धरत होतात.

एकदा मला सहन झालं नाही. शाळेत दिवसभर तपासणी होती, डोकं उठलं होतं. तुमचं मागणं संपलं आणि मी चुलीपासून म्हटलं, "आबा, उद्यापासून हे मनातल्या मनात म्हणा."

"का गं?"

"मला ऐकू येतं."

मला थांबायला हवं होतं, पण आपल्या घरात थांबायची सवय कुणाला होती? मी म्हटलं, "मुलगा असता तर हेच मागितलं असतंत? त्याच्या हातून करून घ्यायला लाज वाटली नसती. पिढ्यान्‌पिढ्यांचं पाळता, पाळा. पण मी काही परक्याची आहे का?" तुम्ही दिव्याकडे बघत होतात. मला वाटलं आता तुम्ही तुमच्या वडिलांचं, आज्याचं सांगाल. तुम्ही म्हणालात, "ल्योक असता तर सुनेनं केलं असतं. सून मोठी झालेलीच घरात येती, तिच्याकडं बघितलं न्हाई म्हंजी झालं. तुला म्या न्हाऊ घातलंय माय. तुझी आई बाळंतपणात अंथरुणाला व्हती तवा तुझं समदं म्या केलंय, हागलं-मुतलं काढलंय. आता तूच माझं काढायचं? मंग म्या बाप कशाचा ऱ्हायलो?"

इतकी वर्षं मी समजत होते की आपल्या मधे रूढी आहे. रूढीशी भांडता येतं, तिच्यावर हसता येतं, गिरणीवाल्याला मध्ये घालून ती चुकवताही येते. तुम्ही जे सांगितलंत त्याच्याशी कसं भांडायचं? त्या दिवसापासून तुम्ही आवाज कमी केलात. मागणं कमी केलं नाहीत. मी पाठमोरी असले तरी मला कळायचं.

आणि देवाने तुमचं ऐकलं नाही. एका सकाळी तुम्ही ओट्यावर ज्वारी निवडत होतात. सूप खाली पडल्याचा आवाज आला. मी बाहेर आले तर ज्वारी सगळीकडे सांडलेली आणि तुम्ही भिंतीला टेकून, तोंड एका बाजूला ओढलेलं, डाव्या हाताने उजवा हात उचलून बघत होतात. जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, लकवा आहे, उजवी बाजू गेली, वाचाही परत येईलसं वाटत नाही. जीवाला धोका नाही, असंही ते म्हणाले. ते त्यांनी चांगली बातमी म्हणून सांगितलं. तुम्ही ते ऐकत होतात. तुमच्या चेहऱ्याकडे मी बघितलं आणि मला डॉक्टरांचं तोंड दाबावंसं वाटलं.

घरी आणल्यावर पहिल्या सकाळी हे म्हणाले, "तू राहू दे, मी करतो. बाप्या माणसाचं बाप्याने केलेलं बरं." किती समजूतदार होते ते, आबा, तुम्हाला कधी मोकळेपणाने सांगता आलं नाही. त्यांनी बादली आणली, बाह्या वर केल्या, आणि तुम्ही लहान मुलासारखे रडायला लागलात. ज्या जावयाचे पाय लग्नात तुम्ही धुतले होते, त्याने तुमचं धुवायचं. ते तुम्हाला अजिबात सोसेना. यांनी बादली तशीच ठेवली, अंगणात गेले आणि बराच वेळ तिथंच उभे राहिले. मग मी पदर खोचला. तुम्ही तोंड भिंतीकडे केलंत. मी तुमचं करत असेतो तुमचं तोंड रोज भिंतीकडेच असायचं, आणि मी रोज काहीतरी बोलत राहायचे. शाळेतल्या गमती, कुणाच्या गाईला काय झालं, वाटेल ते. तुम्हाला न्हाऊ घालताना तुमच्या खांद्यावरची बैलाच्या मानेवर जुवाने होते तशी घट्ट गाठ हाताला लागायची, ओझी वाहून झालेली. मला लाज वाटत नव्हती, आबा. एकदाही वाटली नाही. हे मी तुम्हाला तेव्हाच मोठ्याने सांगायला हवं होतं, पण सांगितलं असतं तर तुम्हाला ती जास्तच वाटली असती.

भाकरी तुम्हाला चावेना. मी तुमच्याच ज्वारीच्या कण्या शिजवायचे, नाही तर आंबील करायचे. डॉक्टर म्हणाले होते मऊ भात द्या, पण तांदूळ तुमच्या शेतातला कुठून आणू? तुमच्या कायद्यावर मी इतकी हसलेली, आणि तुम्ही बोलू शकत नव्हतात तेव्हा तो कायदा मीच पाळत होते. त्या वर्षी पाऊस झाला नाही. हसनाबादला कणसं भरलीच नाहीत, चुलतभावाचेच खायचे वांधे. एक दिवस कोठीत हात घातला तर तळाचा पत्रा लागला.

तुम्हाला कळलं नसतं. आंबील ती आंबील. काकूही म्हणाल्या, "घाला हो, म्हाताऱ्याला काय समजतंय?" मी शाळेतून येईपर्यंत तोच विचार करत होते. पण गिरणीत जे मिसळतं ते कुणाला ठाऊक नसतं, हे मात्र मला ठाऊक असणार होतं. मी वाटी घेऊन तुमच्यापाशी बसले आणि म्हटलं, "आबा, तुमची ज्वारी सरली. ही माझ्या घरची आहे, आमच्या पगाराची. खाणार असाल तर तोंड उघडा. नाही तर मान हलवा, मी माणूस पाठवून हसनाबादहून कुठूनही पायलीभर आणवते." तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. लकव्यानंतर तुम्ही माझ्याकडे असं सरळ बघितलंच नव्हतं. हात दुखायला लागला तरी मी वाटी खाली ठेवली नाही. मग तुम्ही तोंड उघडलंत. निम्मी आंबील ओठाच्या कोपऱ्यातून खाली आली, ती मी पदराने पुसली आणि दुसरा चमचा भरला. तुम्ही सगळी वाटी संपवलीत. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली होती आणि माझा बाप पहिल्यांदा माझ्या घरचं जेवला. मी वाटी धुवायला गेले आणि मोरीत बसून रडले. तो आनंदच होता.

मला वाटलं, आता जिंकले. आता तुम्ही माझे झालात, आता देवाकडे ते मागणं मागणार नाही.

त्याच दिवशी तिन्हीसांजेला मी दिवा लावला. लकव्यानंतर तुम्ही डावा हात कपाळाला लावून नुसते ओठ हलवायचात. त्या दिवशी तुम्ही माझा पदर धरलात. दिव्याकडे बोट केलंत, मग माझ्या तोंडाकडे. मला लगेच कळलं, पण कळलं नाही असं दाखवलं. तुम्ही पुन्हा बोट केलंत. मी हात जोडले आणि म्हटलं, "देवा, आबांना बरं कर." तुम्ही मान हलवलीत, नाही. "देवा, आबांची वाचा परत दे." नाही. "देवा, आबांना सुखात ठेव." तुम्ही मुठीने बाजेचं लाकूड बडवलंत आणि तुमच्या घशातून जो आवाज आला तो मी अजून विसरले नाही. नात दारात येऊन उभी राहिली. मी तिला बाहेर पाठवलं. मग मी म्हटलं. "देवा, आबांना उचल." तुमची मूठ सुटली. तुम्ही डोळे मिटलेत. त्या आजारात तुमचा चेहरा इतका निवांत मी पहिल्यांदा बघितला.

मग तो रोजचा नेम झाला. "देवा, आबांना उचल. आंथरुणाला खिळवू नको." खिळलेल्या माणसासाठी म्हणायचं, खिळवू नको. तिसरं वाक्य तुमच्या मनात असायचं, तुम्ही वाट बघायचात, पण 'लेकीला करायला लावू नको' हे मी कधी म्हटलं नाही. तेवढा हट्ट मी ठेवला. काकूंनी एकदा खिडकीतून ऐकलं. दुसऱ्या दिवशी नळावर बायका माझ्याकडे बघून गप्प झाल्या. आळीत बोललं गेलं की मास्तरीण बापाला कंटाळली, रोज दिवा लावून त्याचं मरण मागते. मी खुलासा केला नाही. कुणाला काय सांगणार, की हे मागणं त्यांचं आहे, मी नुसतं तोंड आहे? आणि खरं सांगू, मला तुमचा रागही यायचा. दिवसभर मी तुम्हाला जगवायचे, कूस बदलायचे, पाठीला तेल लावायचे, जखम होऊ नये म्हणून चादरीची सुरकुतीसुद्धा राहू द्यायचे नाही, आणि संध्याकाळी त्याच तोंडाने तुम्हाला न्यायला सांगायचे. असं कुणी लेकीकडून करून घेतं का? सून असती तर तिच्याकडून हे मागितलं असतंत का?

तुम्ही त्यानंतर पुष्कळ राहिलात. डॉक्टरांनाही नवल वाटायचं. दोन हिवाळे गेले, पाठीला अखेर जखमा झाल्याच, तुम्ही कण्हायचात आणि मी फुंकर घालत बसायचे. पेरणीचे दिवस होते, मी शाळेत होते. शिपाई वर्गाच्या दारात आला, आणि त्याने काही सांगायच्या आधीच मी पुस्तक मिटलं. तुम्हाला मातीसाठी हसनाबादला नेलं, चुलतभावाने मुलाच्या जागी पाणी पाजलं. बायका माझ्या गळ्यात पडून म्हणाल्या, "सुटले गं बाई, तूही सुटलीस. ऐकलं देवानं तुझं." मी त्यांचे हात सोडवून घेतले. बोलले असते तर भांडणच झालं असतं.

आता ते सांगते, आबा, ज्याच्यासाठी हे लिहायला बसले. यांनाही मी हे कधी सांगितलं नाही. तुमचा डोळा दिव्यावर असायचा आणि मी मोठ्याने म्हणायचे, "देवा, आबांना उचल." पण तोंड ते म्हणत असताना मी पोटात दुसरंच म्हणायचे. नको नेऊस. कसेही असोत, पडून असोत, तोंड भिंतीकडे असो, पण असू देत. उद्या सकाळी मला त्यांचं करायला असू देत. रोज म्हणायचे, एक संध्याकाळ चुकवली नाही. तुमच्या जखमा धुताना, तुमचं कण्हणं ऐकतानाही म्हणायचे. तुमचं मागणं देवापर्यंत पोचायला माझ्या तोंडाखेरीज दुसरी वाट नव्हती, आणि त्या वाटेवर मी उभी होते. तुमचे हाल लांबले ते माझ्यामुळे लांबले, असं मला वाटतं. देव आहे की नाही मला ठाऊक नाही, पण असेल तर त्याने तुमचं नाही, माझं ऐकलं.

याची माफी मागावी म्हणून बसले होते. हे पत्र कुठं टाकायचं नाही, कुणाला वाचून दाखवायचं नाही, तेव्हा खोटं लिहून काय करू? माफी मला मागता येत नाही. आज दिवा लावल्यावर तुम्ही बाजेवरून पुन्हा माझा पदर धरलात, तर मी तोंडाने तुमचंच म्हणेन, आणि पोटात पुन्हा तेच मागेन.